देवरावांचं ‘पाहतो’

दार उघडलं, आणि गजेंद्रभाऊ अकोल्याला कशासाठी आलो तेच विसरले.

समोर पंचावन्नच्या घरातली बाई उभी. पिकल्या केसांची सैल वेणी, हातात मलमलचं फडकं, आणि डोळ्यांत... जाऊ द्या, एकसष्टाव्या वर्षी माणसानं दुसऱ्याच्या बायकोच्या डोळ्यांत बघू नये.

"वहिनी, देवराव आहेत का जी? मी अमरावतीहून आलो... राजापेठ..."

बाईनं क्षणभर पाहिलं. मग ओठ दाबून म्हणाली, "आहेत ना. या, बसा."

देवराव म्हणजे त्यांचा न पाहिलेला दोस्त. जुन्या सिनेमांच्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी ओळख झाली. गजेंद्रभाऊंचा उजवा कान कामातून गेलेला, फोनवर धड ऐकू येईना, म्हणून सगळं बोलणं लिहूनच. चाळीस वर्षं जमवलेल्या अकराशे रेकॉर्डी भंगारात काढायला पुतण्या टपलाय, हे दुःख त्यांनी देवरावांनाच सांगितलं होतं. आणि गेल्या महिन्यात, बावळटासारखं, हेही लिहून टाकलं — ‘गाणं समजणारी एखादी भेटली, तर या वयातही लग्न करीन.’ उत्तर आलं एका शब्दाचं: ‘पाहतो.’ परवा देवरावांनीच एक दुर्मिळ रेकॉर्ड ऐकायला बोलावलं. आणि आता त्यांच्याच घरात, त्यांचीच बायको...

तिनं रेकॉर्ड काढली. दोन तळव्यांत, कडेनं धरून, गाण्याला बोट न लावता. फडकं हलकेच गोल फिरवलं. सुई टेकवली आणि त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"ह्याच कानानं येते ना ऐकू?"

देवरावांनी सांगितलं असेल. पण गजेंद्रभाऊ जरासे उजवीकडे सरकले. मित्र गमवावा की मन मारावं, काही सुचेना. गाणं संपताच ते उठले.

"निघतो मी. देवरावले सांगा, मी आता... मी आता नाही येत."

"काहून? चहा राहिला ना अजून."

"वहिनी, मी चांगला माणूस आहो जी. म्हणूनच चाललो."

ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. मग तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोला चंदनाचा हार होता.

"ते देवराव. माहे बाबा. सात वर्षं झाले जाऊन. फोन त्याइचा, नावबी त्याइचंच राहू देलं... पुसवलं नाही मले. मी पौर्णिमा. लग्नाच्या भानगडीत पडलीच नाही."

"म्हणजे ते ‘ऐकतो’, ‘पाठवतो’, ‘येतो’..."

"मंग काय म्हणू? आमी बायाबी तसंच म्हणतो."

खरंच की! वऱ्हाडात बाई काय, माणूस काय, ‘येतो’च म्हणणार. गजेंद्रभाऊंची आई जन्मभर ‘मी येतो’ म्हणूनच घराबाहेर पडायची. आणि त्यांच्या डोक्यात दोन वर्षांत एकदाही... तेवढ्यात त्यांना लग्नाचं ते वाक्य आठवलं. कुणाला लिहून बसलो आपण! चेहरा पार कानापर्यंत लाल झाला.

"मग ते... ‘पाहतो’?" त्यांनी चाचरत विचारलं.

पौर्णिमानं रेकॉर्ड पलटवली. सुई टेकवून पुन्हा डाव्या बाजूलाच बसली, मघापेक्षा जराशी जवळ.

"पहिले ते वहिनी बंद करा," ती म्हणाली, "आणि बसा. पाहूनच राहिली ना मी."