दोन हिसके

बसा. कॉफी कडू लागली तर पाणी घाला, तक्रार करू नका. शिकाऱ्यांच्या तळावर मी जन्मभर हीच कॉफी केली आणि ती पिऊन कोणी मेलेलं नाही. बाहेर कुऱ्हाडीचा आवाज येतोय ना, तो माझा नवरा. लाकडं फोडतोय. तो थांबेपर्यंत मला बोलता येईल.

मी शाळेत गेले नाही. बियाण्यांच्या पाकिटांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. म्हणून डॉक्टर लोक तान्ह्या बाळाशी बोलावं तसं माझ्याशी बोलू लागले की माझं डोकं फिरतं. "ओपलबाई, वर्लिनला आता डोंगरात नेऊ नका." का? तर तो विसरतो. अहो, विसरतो म्हणूनच न्यायचं होतं!

गेल्या हिवाळ्यात माझं नाव त्याच्या तोंडातून गेलं. आधी मुलीचं गेलं, मग कुत्र्याचं, शेवटी माझं. मला 'बाई' म्हणायचा, अहोजाहो करायचा. रात्री उठून दार उघडायचा आणि बर्फात चालू लागायचा. मी मागून कोट घेऊन. झोप म्हणजे काय हे मी विसरले होते. नुसत्या बसण्यानं जात नाही असला शिणवटा असतो, हाडांच्या आत शिरलेला. मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्यानं मला 'ओपल' म्हणावं. डोंगरात किटली नावाचं तळं आहे, तिथं लग्नानंतरचे पहिले दिवस आम्ही ट्राउट मासे तळून खाण्यात घालवले होते. कुठं आठवलं तर तिथंच आठवेल, असा माझा हिशेब.

त्याच तळ्यात वर्लिनचा धाकटा भाऊ क्लेट बुडाला, तेही सांगून टाकते. त्या तळ्याला काठाशी गुडघाभर पाण्याची फिकट पट्टी आहे. मग एकदम कडा, आणि खाली काळंहिरवं पाणी. क्लेट मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून कडेवर उभा राहून गळ टाकत होता. पाय सरकला, बुटांत पाणी भरलं. आम्ही सगळे तरुण होतो तेव्हा. तो सापडला नाही. बर्फाच्या पाण्यात मढं वर येत नाही, हे आमच्या वायोमिंगमध्ये पोराटोरांनाही ठाऊक असतं. उंच, डावखुरा, खिदळणारा माणूस. सांधेदुखीच्या मलमासारखा वास येणारी तंबाखू चघळायचा. "वहिनी, तुझ्या कॉफीत चमचा उभा राहील," म्हणायचा.

तर ऑगस्टात निघालो. लोकांना आणि त्यांच्या सामानाला घोड्यांवरून वर पोचवायचा धंदा मार्वाचा. तिनं वर्लिनला खोगिरावर बसवलं आणि हसायला लागली.

"पाय पोचत नाहीत की रे रिकिबीत! झिजलास की काय?"

"घोडा वाढलाय," वर्लिन म्हणाला.

तिनं रिकिबीचे पट्टे दोन भोकं आखूड केले. तळ्यावर तंबू ठोकून, खाण्याची पिशवी अस्वलांपासून उंच फांदीवर टांगून झाली, आणि ती परत निघाली. "परवा दुपारी न्यायला येते. ओपल, म्हाताऱ्याला बांधून ठेव गं." चेष्टेनंच म्हणाली बिचारी.

संध्याकाळी वारा पडला आणि ट्राउट माशा टिपायला वर येऊ लागले. पाण्यावर वर्तुळंच वर्तुळं, जणू पाऊस पडतोय. घरी शर्टाचं बटण ज्याला लागत नव्हतं, त्या वर्लिननं गळाला पिसाची खोटी माशी अशी झटकन बांधली की मी बघतच राहिले. बोटांना सगळं आठवत होतं. अंधार पडायच्या आत त्यानं मासे आणून दिले, कल्ल्यांतून फांदी ओवून. मी ते मक्याच्या पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळले. त्यानं चवीनं खाल्ले. मग ताटली मांडीवर ठेवून अदबीनं विचारलं,

"बाई, तुमचे यजमान कुठे असतात?"

"आहेत इथंच. मासे मारतायत."

"मग जेवायला हाक मारा की. गार होतंय सगळं."

"कधीची मारतेय," मी म्हटलं. "ऐकू येत नाही त्यांना."

त्यानं मान हलवली. मग पलीकडच्या काठाकडे बघत म्हणाला, "त्या पोराला सांगा, मागे हो म्हणावं. कडेवर उभा आहे."

"कोण पोरगा?"

"क्लेट... बघा ना, डाव्या हातानं टाकतोय."

मी पाहिलं. कोणी नव्हतं. पण अख्ख्या तळ्यावर वर्तुळं उठत होती आणि तेवढ्या जागी पाणी तेल ओतल्यासारखं गप्प होतं. हवेत दोरा फिरल्याचा आवाज येत होता, स्सुई... स्सुई... आणि वास. सांधेदुखीच्या मलमाचा. मी माझ्याच गुडघ्याला हात लावून पाहिला. मलमाची डबी तर मी घरी विसरले होते.

झोपताना मी गळाच्या जुन्या रिळावरचा जाड हिरवा दोरा काढला. एक टोक त्याच्या मनगटाला बांधलं, एक माझ्या. ओढलं की आवळणारी गाठ, त्यानंच कधीकाळी शिकवलेली. मधला दोरा गुंडाळून उशाशी ठेवला.

"बाहेर जावंसं वाटलं तर दोनदा ओढायचं," मी सांगितलं. "किती वेळा?"

"दोनदा." त्यानं शहाण्या मुलासारखा दोनदा हिसका दिला आणि स्वतःशीच हसला.

आणि मी झोपले. कितीतरी महिन्यांनी दगडासारखी झोपले.

जाग आली ती हिसक्यानं. एक. मग दुसरा. उजाडलं होतं, पण धुकं इतकं की तंबूचं दार नुसतं पांढरं दिसत होतं. त्याचं अंथरूण रिकामं. उशाशी ठेवलेला दोरा सगळा उलगडलेला, माझ्या मनगटापासून सरळ दाराबाहेर गेलेला. तो धरून मी अनवाणी निघाले. गवत, मग वाळू, मग पाणी. फिकट पट्टीवरून दोरा ताठ पुढे गेला होता आणि कडेपाशी खाली उतरला होता. काळ्यात.

दोन हिसके. सावकाश. घाई न करता.

मी पाण्यात शिरले आणि ओढू लागले. जड होतं, पण येत होतं. माशासारखं तडफडत नव्हतं. थोडं यायचं, थांबायचं, पुन्हा थोडं यायचं... तळ्याच्या तळावरून कोणी चालत यावं तसं.

"वर्लिन..." मी म्हटलं. "ये... इकडे ये... मी धरलंय..."

"ओपल."

आवाज मागून आला.

काठावर वर्लिन उभा होता. हातात सरपणाची मोळी, कपडे कोरडे, डोळे लख्ख. "ओपल, बाहेर ये आधी. थंडीनं मरशील."

ती तीन अक्षरं. ज्यांच्यासाठी मी डॉक्टरांशी भांडले, मुलीशी भांडले, ती.

"दोरा..." मी म्हटलं. "खाली कोणीतरी आहे..."

"बुडालेलं झाड आहे ते. अडकलाय दोरा." तो पाण्यात आला, माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि चाकूनं दोरा कापला. तुटलेलं टोक पाण्यावर तरंगलं नाही. सर्रकन खाली गेलं.

चाकू कुठल्या हातात होता, ते मी पाहिलं. त्याच्या मनगटावर दोरा नव्हता, तेही पाहिलं. पण त्यानं मला पुन्हा हाक मारली, नावानं, आणि मी त्याच्यामागे शेकोटीपाशी गेले. तिथं कॉफीचा पहिला घोट घेऊन तो खिदळला. "चमचा उभा राहील हिच्यात!"

दुसऱ्या दिवशी मार्वा आली. वर्लिन खोगिरावर बसला तर गुडघे पोटाशी आले. तिनं आखूड केलेली दोन भोकं सोडली. पुरली नाहीत. आणखी दोन सोडली, तेव्हा पाय नीट बसले. "डोंगराची हवा मानवली की रे तुला," ती हसत म्हणाली. मग पट्टा हातात धरून तिनं भोकं पुन्हा मोजली, आणि खाली पोचेपर्यंत वळून वळून त्याच्याकडे बघत राहिली.

आता तो सगळ्यांना ओळखतो. मुलीचा वाढदिवस लक्षात ठेवतो. डॉक्टर म्हणाले, चमत्कार आहे. रात्री तो उठत नाही, मी पोटभर झोपते. कुत्रा मात्र घरात येत नाही. आणि हा ट्राउटला शिवत नाही. "त्या तळ्यातले मासे नकोत," म्हणतो. "ते काय खातात, मला माहीत आहे."

तुम्ही मला शहाणपण शिकवू नका. नावानं हाक मारणारा माणूस मिळाला तर थकलेली बाई त्याची उंची मोजत बसत नाही. बसले नसते मीही.

पण हे मनगट बघा. दोरा अजून तसाच आहे, वीतभर टोक लोंबतंय. कात्री हातात घेते आणि परत ठेवते. कारण संध्याकाळी, मासे वर यायच्या वेळेला, हा दोरा ओढला जातो. दोनदाच. सांगितलं होतं तसं. खाली पाण्यात आहे त्याला माझं नाव येत नाही हो, पण दोनदा ओढायचं, एवढं त्याच्या लक्षात राहिलंय.

मार्वाला निरोप धाडलाय, बर्फ पडायच्या आत एक घोडा पाहिजे म्हणून. एकच. घरात हे कोणाला ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

थांबा... हात धरा माझा. हा बघा, एक...

आणि हा दुसरा.

कुऱ्हाड थांबली का हो? कधी थांबली? शूऽऽ... दाराशी आलाय. मलमाचा वास येतोय तुम्हाला?

"ओपल," दारापलीकडून तो म्हणतोय, अगदी मायेनं, "जाऊ दे ना आता. झाड आहे ते."