मऊ भातावरचा तवंग

निघोजेच्या एका कंपनीत मी कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, तपासतो. कुठे भेग आहे, कुठे हवा अडकली आहे, हे शोधायचा मला पगार मिळतो. तीच खोड घरीही जात नाही, असं माझी बायको विजयश्री म्हणते. ते खरं आहे. ताटाच्या कडेला कालचं शीत चिकटलेलं दिसलं की माझं जेवण तिथेच संपतं.

फेब्रुवारीत आमची वर्षाली टायफॉइडमधून उठली. वय सात, वजन सोळा किलो. दोन घास पोटात जायचे आणि तिसऱ्याला सगळं बाहेर. खायला लागली नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याच आठवड्यात विजयश्रीने चिंचवडच्या हस्तकला प्रदर्शनातून ते काळं भांडं आणलं. मणिपूरच्या एका बाईंनी केलेलं. दगड कुटून मातीत मळायचा, चाक न वापरता नुसत्या हातांनी भांडं घडवायचं आणि जाळातून काढल्यावर गरम असतानाच पानांनी घासायचं. देखणं होतं, नाही म्हणत नाही. साबण लावू नका, एवढंच त्या बाईंनी बजावलं होतं.

विजयश्रीने त्यात तांदूळ, मुगाची डाळ, हळद आणि मीठ घालून मऊ भात केला. तूप डॉक्टरांनी बंद केलं होतं. वर्षालीने दोन वाट्या खाल्ल्या आणि विजयश्री ओट्याकडे तोंड करून रडली.

चौथ्या दिवशी भातावर मला तवंग दिसला. पिवळट, बारीक थेंबांचा. आठवडाभरात त्याची जाड साय धरू लागली. वास वशट होता, मटण उकळून दोन दिवस तसंच ठेवल्यासारखा. वर्षाली आधी ती साय बोटाने काढून चाटायची. ओघळ मनगटापर्यंत यायचा, मग ती मनगट चाटायची. तिच्या उशीच्या अभ्र्यावर ओशट डाग पडू लागले. तिचा पापा घेताना मी श्वास रोखून धरायचो. स्वतःच्या पोरीची शिसारी येते याची लाज वाटायची, पण शिसारी यायचीच.

"नाकाने कांदे सोलू नका," विजयश्री म्हणाली. "अठरा किलो झालीय ती."

मी त्या मणिपूरच्या बाईंना फोन केला. आजीच्या आधीपासून आम्ही यातच जेवतो, त्या हिंदीत म्हणाल्या. यात दगड आहे आणि माती आहे, बाकी काही नाही. मी तवंगाचं सांगितलं. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे भेग असणार आणि तिच्यात काहीतरी कुजत असणार. शनिवारी भांडं कंपनीत नेलं. कास्टिंगची भेग शोधायला आम्ही लाल रंग फवारतो, पुसतो आणि वरून पांढरी पावडर मारतो. भेगेत शिरलेला रंग पावडरीवर लाल रेघ होऊन उमटतो. स्वयंपाकाच्या भांड्याला कुणी हे करत नाही, पण मला दुसरी परीक्षा येत नव्हती. शिफ्टवरच्या जयसिंगने फवारा हातात घेतला.

रंग मारला तसा आत जिरला. पुन्हा मारला. अख्खा डबा संपला.

"राव, हे पितंय," जयसिंग म्हणाला.

पावडर मारली. एवढा रंग जिरलेलं भांडं लालभडक व्हायला हवं होतं. अर्धा तास थांबलो. पावडर पांढरीच राहिली.

मग तळाशी पिवळट ओल आली. जयसिंगने ती फडक्याने टिपली, वास घेतला आणि फडकं लांब टाकलं.

"मटण शिजवलं व्हतं का यात?"

"नाही."

"मंग घरी न्हेऊ नका."

मी ते भंगारात टाकलं. भांड्याला केमिकल लागलं, असं घरी खरं तेच सांगितलं.

"जेवत होती ती," विजयश्री म्हणाली. "तुम्ही तेवढंच बघायचं होतं."

वर्षालीने दोन दिवस घासाला तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला दवाखान्यात भरती करायचं ठरलं होतं. मी रजा टाकून तिची बॅग भरत होतो.

त्याच दिवशी दुपारी विजयश्रीची हाक आली. "अहो, बघा ना, जेवतेय."

भात स्टीलच्या पातेल्यात शिजवलेला होता, स्टीलच्या वाटीत वाढलेला. वर्षाली वाटीच्या आतल्या कडेवरून बोटं फिरवत होती. सावकाश, गोल. बोटं जातील तिथे भातावर तवंग येत होता.

तो तिच्या नखांखालून येत होता.

विजयश्री तिच्या केसांवरून हात फिरवत होती. किती दिवसांनी विजयश्रीला हसताना पाहिलं.

वर्षालीने एक बोट माझ्यासमोर धरलं. पिवळा थेंब टोकाशी लोंबत होता.

"बाबा, घे ना."

वास तोच, वशट.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं.