बावन्न वेढे

रिसोडच्या धान्यबाजारामागे दिनेशचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची नवी तार भरून द्यायची, हा धंदा. पण जो तो जळकी मोटार देऊन नवी आणू लागला, तेव्हा त्याने हेच काम मोबाइलवरून शिकवायचं ठरवलं. दिवाळीपर्यंत चॅनल चाललं नाही, तर बायकोला, सुचिताला, इथे ठेवून पुण्याच्या कंपनीत जायचं, हेही ठरलेलं होतं.

चॅनल काही चालत नव्हतं. एका गुंडाळीला तारेचे बावन्न वेढे लागतात आणि ते तोंडाने मोजायचे असतात. गप्प बसून मोजलं तर बघणारे पळतात, बघणाऱ्यांशी बोलावं तर आकडा पळतो. डोकं फिरायची वेळ आली होती.

"बोला नं, मुके होऊन काहून बसले?" मोबाइल धरलेली सुचिता म्हणायची.

"बोललो का चुकते नं! तूच मोज मंग!"

"मी मोजू का मोबाइल धरू?"

त्याचे उस्ताद जानराव मोजताना कुणाला हूं की चूं करू देत नसत. तरुणपणी बाजारात धान्य मापलेलं, त्यामुळे मापाऱ्यांच्या रीतीने एकला ते 'लाभ' म्हणत. दोन वर्षांपूर्वी याच स्टुलावर ते मोजत होते. एकतीसवर दिनेशने मध्येच काहीतरी विचारलं. जानरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान टाकली. आपण काय विचारलं होतं, ते दिनेशला आजही आठवत नव्हतं, आणि त्याची बोच जात नव्हती.

दिवाळीला अकरा दिवस उरले असताना, भर दुपारी, सातव्यांदा आकडा चुकला. दिनेशने तार भिरकावली आणि चॅनलच्या नावाने शिव्या हासडल्या. कुठे चुकलं ते पाहायला सुचिताने रेकॉर्डिंग लावलं.

मोबाइलमध्ये दिनेश बडबडत होता. त्याच्या बडबडीखाली कुणीतरी खरखरीत आवाजात मोजत होतं.

लाभ. दोन. तीन.

"बाजारातला आवाज असन," सुचिता म्हणाली. बाजार आज बंद होता.

एकतीसला आवाज थांबला.

"आता तू मोज," मोबाइलमधला आवाज म्हणाला. "मी बोलतो."

दिनेशने उस्तादांचा आवाज ओळखला. पण इतक्या दिवसांचा संताप भीतीहून मोठा होता. "धर मोबाइल," तो म्हणाला. या खेपेला तो घडाघडा बोलला, आणि वेढेही बरोबर बावन्न भरले. पुन्हा न ऐकताच सुचिताने व्हिडिओ टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धावतच दुकानात आली.

"पन्नास हजार लोकायनं पाह्यला! आता पुणं कॅन्सल!" ती हसत होती. "एक जण तं लिहून राह्यला, आजोबाचा आवाज लय भारी, पण चेहरा जवान कसा?"

दिनेशने व्हिडिओ लावला.

ओठ त्याचेच हलत होते. आवाज जानरावांचा होता.

सुचिताचं हसू थांबलं. "अवो, हे काय आहे? बोला नं."

त्याने तोंड उघडलं.

"बत्तीस," तो म्हणाला. "तेहतीस."