पुढल्या वर्षीचा तक्ता

शनिवार पेठेतल्या त्या विमा कचेरीची खिडकी ओंकारेश्वराच्या पुलाकडे उघडायची. भर दुपारी श्रीधर बर्वे पिशवी आपटूनच खुर्चीत बसले. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासनीस. चुकीचा आकडा खोडायचा, लाल पेन्सिलीनं बरोबर लिहायचा, शेजारी आद्याक्षर टाकलं की पक्का. निवृत्त झाले, पण पेन्सिल खिशातून निवृत्त झाली नाही.

"ज्येष्ठांच्या विम्यासाठी सरकारचं अनुदान घेता, आणि पुढल्या वर्षी खर्च घटणार म्हणता? म्हातारे तरुण होणारेत का?"

टेबलामागच्या सोनालीनं मान वर केली नाही. "आकडे तपासलेत, काका."

"कुणी? तक्ता दाखवा. आणि मी तुमचा काका नाही."

तिनं कागद सरकवला. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार. छपाईची तारीख गेल्या महिन्याची. नावं, आणि पुढे येत्या वर्षीचा खर्च.

उत्तरेश्वर पाटोळे: शून्य.

"हा आमच्या शेजारचा. दरमहा इंजेक्शन घेतो. शून्य कसं?"

"ते आज गेले."

"सकाळी दुधाच्या रांगेत भांडला की माझ्याशी!"

"त्यानंतर."

श्रीधरांचं बोट खाली घसरलं. स्वतःच्या नावापुढं भलामोठा आकडा. छातीत दुखतं हे त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याखाली, मंदाकिनी श्रीधर बर्वे: शून्य.

"माझी बायको आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते," ते हळू म्हणाले. "पुढल्या वर्षीही जाणारच आहे."

"अनुदान ठरलेलं आहे. एकूण बेरीज बदलत नाही."

"खड्ड्यात गेली तुमची बेरीज!"

त्यांनी पेन्सिल काढली. शून्य खोडलं. डायलिसिसचा वर्षाचा खर्च लिहिला, आद्याक्षर टाकलं.

खालची बेरीज तीच होती. त्यांनी दोनदा मिळवून पाहिली. जुळत होती.

मग वरची ओळ दिसली.

श्रीधर बर्वे: शून्य.

लाल. वळण त्यांच्याच हाताचं. शेजारी आद्याक्षर.

सोनालीनं पहिल्यांदाच मान वर केली. "आता पक्कं ना, काका?"

खिशात फोन वाजला. मंदाकिनीचा आवाज कित्येक महिन्यांत नव्हता इतका टवटवीत.

"अहो, गंमतच झाली. आज कणीक एकटीपुरतीच भिजवली गेली माझ्याकडून. तुम्ही येणार होतात का जेवायला?"