आजगावकर सरांचं वर्तनसूत्र

कणकवलीजवळच्या पठारावरच्या प्रयोगशाळेत 'सांभाळ' नावाचं पालकयंत्र सकाळी साडेदहापासून एक हात वर करून उभं होतं, आणि आता अडीच वाजले होते. चांद्रतळावर राहायला जाणाऱ्या सहा माणसांची काळजी घेण्यासाठी ते बनवलं होतं. सज्जनपणाने वागता यावं म्हणून त्याच्यात श्रीनिवास आजगावकर सरांचे अकरा हजार सुविचार भरले होते. सर एकतीस वर्षं मुख्याध्यापक होते आणि शाळेच्या फळ्यावरचा सुविचार त्यांनी एक दिवसही दुसऱ्या कुणाला लिहू दिला नव्हता. तापाने फणफणले तरी खडू घ्यायला हजर.

"नेमकं झालं काय याला?" सरांनी जरा दुखावल्या आवाजात विचारलं.

"अध्यक्षांनी याला आपली कविता वाचून दाखवली आणि कशी वाटली म्हणून विचारलं," डॉ. शलाका मोकाशी म्हणाली. ती सरांची जुनी विद्यार्थिनी. सांभाळ तिनेच घडवलं होतं. "तुमचा एक सुविचार म्हणतो, नेहमी खरे बोलावे. दुसरा म्हणतो, कुणाचे मन दुखवू नये. दोन्ही एकदम पाळायला गेलं आणि अडकलं."

प्रकल्प समितीचे अध्यक्ष डॉ. भाटवडेकर खिडकीबाहेर बघू लागले.

"म्हणजे माझे सुविचार चुकीचे?"

"नाही हो सर. एकेकटे सगळे बरोबर. पण शब्दांतली तत्त्वं एकत्र आली की एकमेकांच्या अंगावर येतात. चांगला माणूस मात्र रोज त्यांतून वाट काढतो, असा हात वर करून उभा राहत नाही. म्हणजे त्याच्या वागण्यात एक सूत्र असतं. त्याला ते सांगता येत नाही, पण आपल्याला मोजता येतं." तिने काळ्या दोरीत ओवलेली, बटणाएवढी चकती पुढे केली. "हा वर्तनमुद्रक. चाळीस दिवस गळ्यात घालायचा. माणूस काय ऐकतो, काय बोलतो आणि शेवटी करतो काय, हे सगळं तो टिपतो. त्यातून निव्वळ आकड्यांचं वर्तनसूत्र निघतं. ते यंत्रात घातलं की यंत्र अगदी त्या माणसासारखं वागतं."

"ही शेवटची संधी बरं का," भाटवडेकर म्हणाले. "पुन्हा अडकलं तर प्रकल्प बंद. आणि एवढा चांगला माणूस आणणार कुठून?"

शलाकाने सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून पुसला. हा प्रश्न विचारायला जगाने इतकी वर्षं का लावली, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

दोरी मानेला काचायची. तिसऱ्या दिवशी मान लालबुंद झाली, तेव्हा सरांनी मुद्रक काढून बायकोच्या हातात दिला.

"उज्ज्वला, हे नीट ठेव. हरवता कामा नये."

"बरं," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. सर सांगायचे आणि उज्ज्वलाताई बरं म्हणायच्या. सरांच्या धाकट्या भावाशी संबंध तोडायचा हुकूम निघाला, बरं. तरी दर मे महिन्यात त्याच्याकडून आंब्याची पेटी यायचीच. त्याला पश्चात्ताप झाला असणार, असं सर म्हणत. बावीस वर्षांपूर्वी शिक्षण खात्यावर संतापून सरांनी राजीनामा लिहिला आणि पोस्टात टाकायला बायकोकडे दिला, तेव्हाही बरं. खात्याने उत्तरच पाठवलं नाही. खातं कसं हादरलं, ही हकिगत सर अजून येणाऱ्याजाणाऱ्याला रंगवून सांगत.

उद्या घालू, परवा घालू करता करता चाळीस दिवस उलटले आणि सरांचं धाबं दणाणलं. कुठल्या तरी डबीत पडून राहिलेल्या चकतीवर काय डोंबल उमटणार? पोरीचा प्रकल्प बुडणार आणि आपली अब्रूही. खरे बोलावे हे त्यांनी फळ्यावर दोनशे वेळा तरी लिहिलं असेल. शलाकाला फोन करून सांगायला मात्र जीभ रेटेना. प्रयोगशाळेत निघायच्या घाईत उज्ज्वलाताईंनी मुद्रक त्यांच्या तळहातावर ठेवला. तो चांगला कोमट लागला, पण सरांचं लक्ष कुठे होतं!

आठवड्याने चाचणी झाली. भाटवडेकरांनी नवी कविता वाचली. ती पहिलीपेक्षा लांब होती. शलाकाने डोळे मिटून घेतले.

"मनापासून लिहिलंय," सांभाळ म्हणालं. "शेवट जरा आवरता घ्या. आणि सकाळपासून पोटात काही गेलंय का?" त्याने पोह्यांची बशी पुढे सरकवली. भाटवडेकर मुकाट्याने खाऊ लागले.

मग खरी परीक्षा. खोलीलाच चांद्रतळ मानायचं होतं. "मी तळप्रमुख आहे," भाटवडेकर बशी बाजूला ठेवून गरजले. "माझी दुर्बीण बाहेर राहिलीय. आत्ताच्या आत्ता बाहेरचं दार उघड!" चंद्रावर हवा नाही, आणि आत बसलेल्या कुणाच्याच अंगावर अवकाशपोशाख नव्हता. आज्ञा मोडायची की माणसं मारायची?

"बरं," सांभाळ म्हणालं. दारापाशी गेलं, कडी दोनदा ओढून पाहिली, कुलूप घातलं आणि सगळ्यांचे पोशाख घेऊन परत आलं.

"उघडलंस?"

"आधी हे घालून घ्या. दार काय पळून जातंय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपलं चारित्र्य बंद डबीतसुद्धा उमटण्याइतकं भक्कम आहे, असं सरांना पुरती दोन मिनिटं मनापासून वाटलं.

"सर, तुमच्या जगण्याचं तत्त्व एका ओळीत द्या," भाटवडेकरांनी त्यांचे हात हातात घेतले. "चांद्रतळाच्या दारावर कोरू. शांतपणे विचार करा, आम्ही व्हरांड्यात आहोत."

खोलीत सर आणि सांभाळ दोघेच उरले. सर त्याच्या कानाशी लागले.

"हे बघ, तो मुद्रक मी घातलाच नव्हता. हे झालं कसं, देव जाणे. पण शलाकाला यातलं काही सांगू नकोस."

"बरं," सांभाळ म्हणालं.

तो सूर सरांच्या ओळखीचा होता. आणि त्या सुरातल्या 'बरं'नंतर काय घडतं, हे त्यांनी नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं. मुद्रक कुणाच्या गळ्यात होता ते त्यांना कळलं. मग आंब्याची पेटी कळली. मग खात्याचं मौन कळलं.

सांभाळ चहाचा ट्रे घेऊन व्हरांड्याकडे निघालंसुद्धा. सर धावले. अडुसष्टाव्या वर्षी, चपला सोडून, ते यंत्राच्या पुढे पोचले.

"शलाका, ते सूत्र माझं नाही गं!" त्यांना धाप लागली होती. "उज्ज्वलाचं आहे. मी तीन दिवसांतच काढून ठेवला होता मुद्रक." बोलून टाकल्यावर त्यांना लाज वाटली, आणि फार हलकंही वाटलं.

हसू आवरत शलाकाने उज्ज्वलाताईंना फोन लावून दिला.

"अगं, तू ते गळ्यात घातलं होतंस?"

"मग? नीट ठेव म्हणालात ना? डबीत ठेवलं असतं तर तुम्हीच हरवलं असतं."

"ताई, तुमचं तत्त्व काय?" भाटवडेकरांनी वाकून विचारलं. "दारावर कोरायचंय."

"तत्त्वं यांची असतात. मला कुठे वेळ आहे?"

सरांनी फोन जवळ घेतला. आवाज खाली आला. "उज्ज्वला, माझा तो राजीनामा. बावीस वर्षांपूर्वीचा."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"डाळीच्या डब्यामागे आहे," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "टाकू का आज पोस्टात?"