चौदा अंश

हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. मध्येच दात काढले तर कान उपटीन. हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, त्यांच्यावर गुदरलेला प्रसंग आहे.

दाजी बंदरावर बोटींच्या होकायंत्रांचे सेन्सर नीट लावून द्यायचे. जवळ लोखंड असलं की सेन्सर उत्तर दिशा चुकीची दाखवतो. म्हणून त्यांची खोली सगळी लाकडाची, खिळेसुद्धा पितळेचे. दिवसा बाहेर क्रेन चालते, त्यामुळे काम रात्रीच. तेवीस नोव्हेंबरला, शनिवारी रात्री दीड वाजता, त्यांनी शेवटचा सेन्सर घेतला. तो त्यांच्या स्वतःच्या पोराच्या बोटीचा होता. बोट पहाटे पाचला सुटणार. वाटेत खडक, त्यात धुकं. सेन्सर चुकला तर पोरगा हातचा गेला.

सेन्सर हातात धरून जागच्या जागी गोल फिरायचं, अशी रीत. दाजी फिरले. चूक चौदा अंश! घड्याळ काढलं, पट्टा काढला, चपला बाहेर टाकल्या. खोलीच्या चारी कोपऱ्यांत फिरून पाहिलं. तरी चौदाच. खोलीत कुठे लोखंड पडलेलं असतं तर जागा बदलल्यावर चूक कमीजास्त झाली असती. होईना. म्हणजे दाजी जातील तिथे लोखंडही जात होतं. "सेन्सरच्याच पोटात काहीतरी राहिलंय," म्हणत त्यांनी चौदा अंश वजा करून टाकले. कुठलाही कारागीर हेच करेल. तपासणीच्या मशीनवर 'ठीक' आलं.

आता ऐका. त्याच खोलीत आधीच्या कारागिराचा खून झाला होता. भागीदाराने कपाळात लोखंडी छिन्नी ठोकली, टोक तुटून हाडातच राहिलं. दाजींना ठाऊक होतं. म्हणायचे, "मेलेल्या माणसाला माझं काय पडलंय!"

मानेला काहीतरी टोचलं. गार. टोकदार.

दाजी वळले. तेही वळलं. पाठीमागेच...

"कोण आहे रे?"

...

केस धरले. तोंड टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा. दात घशात गेले. उजवा हात पिरगळला... हाड कातडीबाहेर आलं. ओरडायला तोंडच राहिलं नव्हतं.

पहाटे चार वाजता बोटीचा मेकॅनिक आला. दाजी रक्तात पडलेले, दुसरं कुणी नाही. त्याने त्यांना गाडीत घालून दवाखान्यात धाडलं, पोराला घोर नको म्हणून काही सांगितलं नाही, आणि 'ठीक' दिसलं म्हणून सेन्सर नेऊन बोटीवर बसवला.

दुपारी शुद्ध आली आणि दाजींना उमगलं. लोखंड सेन्सरमध्ये नव्हतंच, त्यांच्या पाठीशी होतं! म्हणजे बोट आता चौदा अंश वाकडी चालली असणार, थेट खडकावर! फुटक्या जबड्याने ते ओरडत होते, बहिणीला अक्षर कळेना. मी फोन लावत होतो, लागेना. बघवत नव्हतं रे.

संध्याकाळी पोराचाच फोन आला. "मामा, बाबांना सांग, सुखरूप पोचलो. धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता, पण होकायंत्र एक अंशही चुकलं नाही."

बहिणीचा जीव भांड्यात पडला. दाजींनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवलं. मला आधी कळेना. मग कळलं. चौदा अंश वजा केलेला तो सेन्सर बरोबर कधी दाखवेल? ते सेन्सरच्या पाठीशी उभं असेल, तेव्हाच.

भाचा अजून त्याच बोटीवर आहे. होकायंत्र अजून बरोबर दाखवतं.