भट्टीमागचं दार

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या खोलीत घडलंय, माझ्या डोळ्यांसमोर. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. कुणाला पटवून देण्याची माझी उमेद आता संपली आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही दुपारची आहे.

फक्त माझ्या खोलीत दुपार कधी येत नाही.

मी एका सार्वजनिक वाहिनीत काम करते. माझं काम रंगांचं. शूटिंग होऊन आलेल्या चित्रातला उजेड, सावल्या, रंग नीट बसवायचे. त्या खोलीला खिडकी नाही. भिंती करड्या, जमिनीवर जाड गालिचा. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. ऑफिसातले लोक त्या खोलीला गुहा म्हणतात आणि मला घुबड.

माझा सख्खा मोठा भाऊ तिथेच दिग्दर्शक आहे. दादा.

त्या वर्षी वाहिनी पहिल्यांदाच नव्या पद्धतीचं चित्र दाखवणार होती. फोर-के, एचडीआर. सोपं करून सांगते. साध्या टीव्हीवर पेटता दिवा दाखवला, तर एक तर दिवा पांढराफटक होतो, नाहीतर मागची खोली काळीकुट्ट. आपल्या डोळ्याला मात्र दोन्ही दिसतं. नव्या पद्धतीत टीव्हीवरही दोन्ही दिसतं. ज्योतीतला पिवळा रंग आणि कोपऱ्यातल्या अंधारातली खुर्चीसुद्धा.

अंधारात जे असेल, ते दिसतं.

पहिला माहितीपट दादाला मिळाला. त्यानं विषय घेतला काचेचा. शहराच्या कडेला एक म्हातारे कारागीर राहायचे. भट्टीत काच वितळवायची, लांब नळीच्या टोकाला घ्यायची आणि फुंकून तिचे ग्लास, सुरया करायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घराला लागूनच भट्टी. मध्ये एक दार. आत त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली.

शूटिंगहून दादा परत आला तो गप्प गप्पच. कारागिरांची बायको त्याच संध्याकाळी गेली, एवढंच म्हणाला. वाईट झालं, म्हणाला. आणि न जेवताच झोपला.

काही दिवसांनी आम्ही दोघं गाडीतून ऑफिसला निघालो होतो, तेव्हा त्या कारागिरांचा फोन आला. दादा गाडी चालवत होता, म्हणून फोन स्पीकरवर. ते म्हणाले, "तिला शेवटचं पाणी तुम्ही पाजलंत. मला काम सोडता आलं नाही. तुमचे उपकार विसरणार नाही मी."

दादा नुसतं हो, हो म्हणाला.

माझा ऊर अभिमानानं भरून आला. घरी जाऊन मी आईला सांगितलं. आईनं मावशीला, मावशीनं साऱ्या गोतावळ्याला. वहिनी तर म्हणाली, असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

तेव्हा दादाच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहायला हवं होतं.

मग ते चित्रण माझ्याकडे आलं.

माझ्यासमोर दोन पडदे असतात. मोठा पडदा नव्या पद्धतीचा. शेजारी छोटा, साधा, कारण बहुतेक घरांत अजून साधाच टीव्ही आहे. आमचे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, सारखे बजावायचे, की वाहिनी सगळ्यांची आहे, दोन्ही चित्रं चोख हवीत. म्हणून मी प्रत्येक दृश्य दोन्हीकडे पाहायचे.

मुख्य दृश्य फार सुंदर होतं. कारागीर नळी फिरवतायत. टोकाला तापलेल्या काचेचा गोळा, पिकलेल्या संत्र्यासारखा. चेहऱ्यावर त्याची धग. मागे सगळा अंधार.

छोट्या पडद्यावर अंधार होता. मोठ्यावर, त्या अंधारात खोल...

एक ठिपका चमकत होता.

मला वाटलं, कॅमेऱ्यातला दोष. असे ठिपके येतात, मी पुसते.

पण दोष जागचा हलत नाही. हा हलला.

मी सावल्या थोड्या उजळल्या. दाराची चौकट दिसली. दार उघडं होतं. आणखी उजळल्या. तो ठिपका म्हणजे काचेच्या ग्लासची कड होती. कडेवर भट्टीचा उजेड पडला होता. ग्लासभोवती बोटं होती.

आणखी उजळल्यावर...

चेहरा.

एक म्हातारी बाई. केस मोकळे, ओठ सुकलेले. कॅमेऱ्याकडे एकटक पाहणारी.

खरं सांगते, मी घाबरले नाही. घरातलं कुणीतरी असेल, चुकून चौकटीत आलं असेल, असंच वाटलं. मी दादाला फोन लावला आणि मागच्या दारात त्या कोण बाई उभ्या आहेत, असं विचारलं.

तो म्हणाला, "दार बंद होतं. मी स्वतः लावलं होतं."

तो धावतच खाली आला. मी दृश्य लावलं. त्यानं पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माझा भाऊ असा खुर्चीचा हात धरून उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

कोण आहेत, मी पुन्हा विचारलं. त्या बाईंना उठूनही बसता येत नव्हतं, एवढंच तो बोलला. आणि मग, माझ्याकडे न बघता, "काळं कर ते."

मी दाराभोवती एक चौकोन आखला आणि त्याच्या आतलं सगळं काळं केलं. आमच्या कामात हे रोजचंच. नको ते झाकायचं.

दादा निघून गेला. मी एकटीच होते. भट्टीचा घरघराट स्पीकरमधून चालू होता. आणि तेवढ्यात...

तो थांबला.

चित्र चालू. काच फिरतेय, ज्वाळा हलतायत. आवाज मात्र नाही. आणि त्या शांततेत माझ्या पाठीमागे कुणीतरी ग्लास खाली ठेवला. टक.

लाकडावर ठेवावा तसा.

माझ्या खोलीत गालिचा आहे. मागे टेबल नाही.

मी वळले. कुणी नव्हतं. परत फिरले तर घरघराट सुरू झाला होता. घसा कोरडा पडला म्हणून पाण्याची बाटली उचलली. सकाळी भरून आणलेली, अजून उघडलीही नव्हती.

हलकी लागली. झाकण तसंच घट्ट, आत थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरीच थांबणार होते, पण प्रसारण जवळ आलं होतं. साहेबांना काय सांगणार, की मला चित्राची भीती वाटते? मनाचा हिय्या करून गेले. दृश्य लावलं. माझा चौकोन जिथल्या तिथे होता. दार काळं. मी सुटकेचा श्वास टाकला.

आणि मग दिसलं...

बाई चौकोनात नव्हत्याच. उंबरा ओलांडून अलीकडे आल्या होत्या. नवऱ्याच्या खांद्यामागे उभ्या होत्या. हातातला ग्लास उलटा धरलेला.

त्यातून काही पडत नव्हतं.

मी दादाला बोलावलं. या वेळी विचारलं नाही, नुसतं पडद्याकडे बोट केलं. तो माझ्या मागच्या सोफ्यावर बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकून, मान खाली. आणि सांगायला लागला.

मुख्य दृश्य चालू असताना आतून आवाज येत होता. पाणी. पाणी द्या. तेवढाच एक शब्द, थांबून थांबून. आवाज ध्वनिमुद्रणात येत होता. कारागीर म्हणाले, जरा आत जाऊन येतो. पण काच भट्टीतून निघालेली, रंग अगदी हवा तसा. हात थांबला तर गोळा गार होणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दादा त्यांना म्हणाला, तुम्ही सोडू नका, मी देतो त्यांना पाणी.

तो दारापर्यंत गेला.

"दारातून मला त्या दिसल्या, छोटे. त्यांनी हात पुढे केला. तांब्या तिथेच होता, चार पावलांवर. मी वळून पाहिलं, तर काच अशी पेटली होती..."

त्यानं दार ओढून घेतलं आणि कॅमेऱ्यापाशी परत आला. म्हाताऱ्यांनी डोळ्यांनीच विचारलं, दिलं का? दादानं मान हलवून हो म्हटलं.

दृश्य संपलं. मग दुसरं, मग तिसरं. तो विसरून गेला. खरंच विसरला, असं तो म्हणतो. संध्याकाळी सामान आवरताना आतून रडणं ऐकू आलं, तेव्हा आठवलं.

ज्या भावाचं मी गावभर कौतुक केलं होतं, तो माझ्यासमोर लहान मुलासारखा बसला होता. मला त्याची कीव आली नाही. लाज वाटली. त्याची, आणि त्याच्या पुण्याईचे गोडवे गाणाऱ्या माझीही. ते कौतुक परत कसं घ्यायचं, आईला कोणत्या तोंडानं सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं. म्हणजे त्या बाईंचा विचार तेव्हाही माझ्या मनात पहिला नव्हता.

दादानं ते दृश्यच काढून टाकायचं ठरवलं. साहेबांनी साफ नकार दिला. त्याच दृश्यासाठी तर सगळा खटाटोप, म्हणाले. वर हेही सांगितलं, की आधी ऑफिसच्या छोट्या सभागृहात सगळ्यांना दाखवायचं, आणि कारागिरांना मानानं बोलवायचं.

ते आले. धुतलेला सदरा, नीट विंचरलेले केस. दादाचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांनी पुन्हा आभार मानले. दादानं हात सोडवून घेतले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

दिवे मालवले. चित्र सुरू झालं. लोक वाहवा करत होते. आणि मग ते दृश्य आलं. भट्टीचा घरघराट सभागृहात भरून राहिला...

आणि बंद झाला.

मी पडद्याकडे पाहिलं नाही. कारागिरांकडे पाहत होते. ते हळूच उठून उभे राहिले. नुसते पाहत राहिले, घरी उशिरा परतलेल्या माणसाकडे पाहावं तसे.

दादाही उठला. सगळ्यांसमोर, अंधारातच, म्हणाला, "बाबा, मी त्यांना पाणी दिलं नाही. दार लावून घेतलं."

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.

म्हातारे वळलेही नाहीत. पडद्याकडे बघतच म्हणाले, "माहीत आहे. त्या संध्याकाळी तिच्या उशाशी ठेवलेला ग्लास कोरडा होता."

मग तुम्ही आभार का मानलेत, असं काहीसं तो पुटपुटला.

"तुम्ही होऊन सांगाल, म्हणून."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? त्या दिवशी ते मला कळलं. ते तर एवढंच बोलून खाली बसले. आपणही दार उघडून बघायला हवं होतं, असं नंतर म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

साहेबांनी नंतर मला विचारलं, की म्हाताऱ्यांना तिथे नेमकं काय दिसलं? त्यांना स्वतःला मागे नुसता अंधार दिसला होता. पण दृश्य काढायला त्यांनी परवानगी दिली. मी स्वतः काढलं. अंतिम प्रत दोन्ही पडद्यांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. काही नव्हतं. घरी आईला दादानं स्वतः सगळं सांगितलं. आई उठून आत गेली. तिनं मावशीला काय सांगितलं, मला माहीत नाही.

कार्यक्रम दाखवला. आम्ही घरच्या साध्या टीव्हीवर पाहिला. सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांचे फोन घेणारी मुलगी माझ्याकडे आली. नवे टीव्ही असलेल्या काही घरांतून फोन आले होते. एकमेकांना न ओळखणारे लोक, पण प्रश्न एकच.

मागे उभ्या असलेल्या त्या आजींना कुणी पाणी का देत नाही?

मी प्रत पुन्हा तपासली. दृश्य नव्हतं. बाई नव्हत्या. कुठेच नव्हत्या.

कार्यक्रम पुन्हा दाखवला, पुन्हा फोन आले. तेव्हा दादानं सांगून ठेवलं, की असा फोन आला की माझ्याकडे द्यायचा. तो प्रत्येकाला सगळं सांगतो. मी दिलं नाही, माझं चुकलं, असं. काही जण ऐकून घेतात. काही फोन आपटतात. तो पुन्हा माणसांत यायला लागला आहे, असं वहिनी म्हणते. कधीकधी त्या कारागिरांकडे जाऊन बसतो. दोघं काय बोलतात, विचारायचा धीर मला होत नाही.

कार्यक्रम बंद होऊन आता बरेच महिने झाले. फोनही थांबले होते.

परवा दादा रजेवर होता. फोन माझ्याकडे आला. कुणी अनोळखी बाई होत्या, आवाज मऊ, थोडा संकोचलेला. तोच प्रश्न. मी म्हटलं, तो कार्यक्रम तर आता लागत नाही, तुम्ही कुठे पाहिलात?

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. आणि मग...

"टीव्ही बंद आहे हो आमचा," त्या म्हणाल्या.

मी फोन ठेवून दिला.

दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही.